शंका आली की शिट्टी

बोलता बोलता फोरमनसाहेब मध्येच थांबायचे, हनुवटी वर करायचे, डोळे मिटायचे आणि नाकानं सावकाश हवा ओढायचे. समोरच्यानं तोवर आपलं वाक्य गिळून उभं राहायचं. मग डोळे न उघडताच ते विचारायचे, "वास आला?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे आमच्या बर्फाच्या कारखान्यात कुणालाच कधी कळलं नाही. 'आला' म्हटलं तर शिट्टी वाजायची. 'नाही' म्हटलं तर "तुला सर्दी झालीय" असं म्हणून शिट्टी वाजायची.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा गृहस्थ असेल. घराबाहेर पडला की कुलूप ओढून बघायला दोनदा तरी परत येतो. अशा माणसाच्या हाती अख्खा कारखाना दिला तर काय होईल, ते आम्ही रोज पाहत होतो.

कारखाना रत्नागिरीला बंदराच्या अंगाला होता. नया पैसा अजून यायचा होता, मुंबईची बोट बंदरात लागत होती, आणि बर्फावाचून मासळी कुजते हे आमच्या शेठनी इतरांच्या आधी हेरलं होतं. मी तिथं कारकून होतो. बर्फ गोठवायला नळ्यांतून अमोनिया फिरवावा लागतो. नळीत असतो तोवर तो गरीब गाय. बाहेर पडला तर डोळे जाळतो, छाती भरून टाकतो आणि कोंडलेल्या जागेत माणसाचा जीवही घेतो. हे ज्ञान साहेबांनी आम्हांला पहिल्या दिवशी दिलं. दुसऱ्या दिवशीही दिलं. तिसऱ्या दिवसापासून बर्फाच्या लाद्या ओढणारा बाबू ते हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणून दाखवू लागला.

साहेब देशावरचे. गळ्यात काळ्या दोऱ्याला शिट्टी, खांद्यावर ओला पंचा, खिशात गंधकाची कांडी. ही कांडी पेटवून नळ्यांच्या सांध्यांवरून फिरवली की जिथं अमोनिया झिरपत असेल तिथं पांढरा धूर उठतो. पण कांडी पेटण्याआधी इंजिन बंद आणि माणसं बाहेर. "आधी बाहेर, खात्री मागाहून," हा त्यांचा कायदा.

शिट्टी वाजवून बाहेर पडणारा पहिला माणूस म्हणजे ते स्वतः. एका हातानं ढगळ खाकी अर्धी चड्डी सावरलेली, दुसऱ्या हातानं नाकावर पंचा दाबलेला, आणि मध्येच थांबून, बोट ओलं करून, वारा कुठून येतो ते पाहायचं. वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचं हा दुसरा कायदा. बहुतेक वेळा ती धाव धक्क्याजवळच्या कट्ट्याशी संपायची.

"साहेब, बोटीचा कप्तान सगळ्यांच्या शेवटी उतरतो म्हनतात," बाबू एकदा म्हणाला.

"कप्तान बुडतो," साहेब म्हणाले. "मी आत राहिलो तर बाहेर माणसं मोजणार कोण?"

मोजणं हा तर सगळ्या खेळाचा कळस होता. साहेब कट्ट्यावर चढून एकेकाकडे बोट दाखवत मोजायचे आणि दर वेळी चेहरा पांढराफटक करून म्हणायचे, "एक कमी." स्वतःला मोजायला विसरणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. हा शहाणा आम्हांला पगारी मिळाला होता. मग आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "तुम्ही, साहेब, तुम्ही!" ते छातीला हात लावायचे, "हां, मी," म्हणायचे आणि कांडी पेटवून आत जायचे. एकटेच जायचे, हे मात्र सांगायला हवं. तिथं कुणाला बरोबर घेत नसत.

धूर कधीच उठायचा नाही. कारण वास हलीमाबीच्या मुशीचा असायचा.

हलीमाबीचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणारा. ती मुशी कापून, मीठ लावून दोरीवर सुकत घालायची. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. सुकायला लागली की तिला अमोनियाचाच वास येतो, थेट तोच. आमच्या मासेखाऊ नाकांना त्या वासानं भूक लागायची. साहेबांच्या शाकाहारी नाकाला तो यमाच्या रेड्याचा वास वाटायचा.

शिट्टी वाजली की हलीमाबीही कट्ट्यावर यायची, पण भांडायला.

"अवो फोरमनसाब, ती माझी मुशी हाय. तुमचा अमोनिया नाय."

"असेल, बाई."

"आसंल म्हंजे? सकालीच घातलंय मी दोरीवर."

"असेल. खात्री मागाहून."

"साहेब, तुमी खरी गळती कंदी बघितलीय का?" बाबूनं एकदा सगळ्यांदेखत विचारलं. साहेबांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "नाही. म्हणून तर तुझ्याशी बोलतोय," ते म्हणाले.

आम्हांला मजा असली तरी शेठना नव्हती. इंजिन बंद पडलं की अर्धवट गोठलेल्या लाद्या पोचट निघत. मचवेवाले दारात उभे राहून शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. शेवटी शेठनी साहेबांना माझ्या टेबलापाशीच सुनावलं. "यापुढे एक जरी खोटी शिट्टी वाजली, तर तुमचं बिऱ्हाड उचला." साहेबांनी मान हलवली. बायकोला त्यांनी नुकतंच गावाहून आणलं होतं. इतकी वर्षं ती सासरी आणि हे खानावळीत, असा संसार झाला होता. आता कुठे त्या माउलीनं खोलीपुढे डालड्याच्या डब्यात अबोली लावली होती. शिवाय शिट्टीची कीर्ती पार मुंबईपर्यंत गेलेली. इथून सुटले तर दुसरा कारखाना त्यांना दारात उभं करणार नाही, हे आम्हांला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

त्यानंतर बरेच दिवस शिट्टी वाजली नाही. साहेब नाक वर करायचे, शिट्टीला हात लावायचे आणि हात खाली घ्यायचे. आम्हांला करमेनासं झालं.

मग बांगड्याची ती दुपार आली. एवढा बांगडा लागला होता की धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बर्फासाठी रांग लागलेली, शेठ स्वतः कोट काढून दारात उभे. आणि साहेब बोलता बोलता थांबले. हनुवटी वर गेली, डोळे मिटले.

वास आम्हां सगळ्यांना येत होता. भिंतीवरून हलीमाबीची ताजी भरलेली दोरीही सगळ्यांना दिसत होती. मी हळूच म्हटलं, "साहेब, मुशी आहे."

"असेल," ते म्हणाले.

त्यांनी एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा शेठकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि शिट्टी फुंकली.

आता खरं सांगायचं तर त्या शिट्टीवर कुणाचाही काडीचा विश्वास नव्हता. पण साहेबांची धाव कितीतरी दिवसांत पाहायला मिळाली नव्हती, आणि आज तर शेवटची होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो? आतला गडी न् गडी बाहेर पळाला. मचवेवाले रांग मोडून आले. हलीमाबी हातातला कोयता तसाच घेऊन आली. शेठ तर सगळ्यांच्या पुढे, कारण त्यांना नोटीस तिथल्या तिथे द्यायची होती.

साहेब कट्ट्यावर चढून मोजत होते. "एक कमी," ते म्हणाले.

"तो एक उद्यापासून कमीच," शेठ गरजले.

एवढ्यात कारखान्यात आवाज झाला. मुख्य नळीचा सांधा फुटला होता. दारातून पांढरा लोट बाहेर पडला, भिंतीवरून पलीकडे गेला, हलीमाबीची दोरी आणि तिचं दार त्यात दिसेनासं झालं. छपरावरचे दोन कावळे खाली पडले. वाऱ्याच्या अलीकडे उभे असूनही आमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साहेब पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले होते.

त्या दिवशी आम्ही जगलो ते शहाणपणानं नाही, चेष्टेखोरपणानं. गावानं या गोष्टीचा अभिमान बाळगावा की नाही, ते तुम्ही ठरवा.

दुसऱ्या दिवशी शेठ नारळ घेऊन आले. मोठ्या मनाचा माणूस दिसायची संधी शेठ सहसा सोडत नसत. सगळ्यांना गोळा करून ते म्हणाले, "साहेब, मी शब्द मागे घेतला. तुम्हांला गॅसचा वास आला, आम्हांला नाही आला. हो की नाही?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. नोकरी, खोली, अबोली, सगळं त्या एका अक्षरात होतं. मी मनातल्या मनात ते त्यांच्या तोंडात घालत होतो.

"नाही शेठ," साहेब म्हणाले. "मला तो मुशीचाच वाटला."

"मग शिट्टी का वाजवलीत?"

"शंका आली."

शेठच्या हातातला नारळ हातातच राहिला. काल आपण या माणसावर सगळ्यांदेखत ओरडलो, वास मुशीचा हे आपलं म्हणणंही खरं निघालं, आणि तरी बरोबर तोच ठरला. असला अपमान कुठल्याही शेठला पचत नाही. "नशिबाच्या भरवशावर मी फोरमन ठेवू शकत नाही," असं म्हणून ते नारळासकट निघून गेले.

मला साहेबांचा फार राग आला. "हो म्हणायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"हो म्हटलं असतं तर उद्यापासून तुम्ही सगळे वास ओळखत बसला असता," ते म्हणाले. "वास ओळखेपर्यंत आत राहायचं नसतं हो."

गावानं त्यांना वेड्यात काढलं. मीही गावातलाच. पण एस.टी.च्या स्टँडवर त्यांना पोचवायला आम्ही सगळे गेलो. त्यांच्या बायकोनं अबोलीचा डबा मांडीवर घेतला होता. हलीमाबीनं पदराखालून आमसुलांची पुडी काढली.

"मासं तुमी खात नाय, म्हनून ही घ्या. माझी मुशी बदनाम केलंत तुमी सगल्या गावात."

"चुकलं, बाई," साहेब म्हणाले. त्यांनी पुडी नाकाशी नेली, हुंगली आणि मगच पिशवीत ठेवली. गाडी सुटली तेव्हा ते खिडकीतून आमच्याकडे बोट करून काहीतरी पुटपुटत होते. मला खूप वाईट वाटलं.

नवा फोरमन सर्टिफिकेटवाला होता. नवी यंत्रं, नव्या नळ्या, भिंतीवर दाब दाखवणारी चकती. तो नाकापेक्षा चकतीवर विश्वास ठेवायचा. एके दुपारी वास आला. "मुशी आहे, कामं करा," तो चकतीकडे पाहून म्हणाला आणि मागे वळला, तर कामाला कुणी नव्हतंच. आम्ही सगळे कट्ट्याशी जाऊन उभे होतो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. हलीमाबीही तिची तिची आली होती, आणि मुशी तिचीच होती.

एकमेकांकडे पाहून आम्हांला हसू आलं. बाबू कट्ट्यावर चढला. त्यानं एका हातानं चड्डी सावरली, बोट ओलं करून वारा पाहिला आणि साहेबांसारखं एकेकाकडे बोट दाखवत मोजायला लागला. मोजून झाल्यावर चेहरा पांढराफटक करून अगदी त्यांच्या आवाजात म्हणाला, "एक कमी."

ओरडायला आम्ही सगळ्यांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. बाबू खाली उतरला आणि आम्ही कामाला गेलो.