छपरी म्हणजे कोण

शब्दांची मुळं सांगत बसायची मला वाईट खोड आहे. कारखान्यात मी फिटर, पण कॅन्टीनमध्ये पंडित. परवा ओझरहून नाशिकला परतताना कंपनीच्या बसला एक रंगवलेल्या केसांचा मोटारसायकलवाला कट मारून गेला. कुणीतरी म्हणालं, "छपरी साला!" आणि वाद सुरू झाला. एक म्हणाला, हा मुंबईच्या टपोऱ्यांचा शब्द. दुसरा म्हणाला, हिंदीतून मोबाईलवर आला. कुणाच्या मते छपरी म्हणजे भडक कपड्यांचा, कुणाच्या मते नुसता उनाड. मला कसलं राहवतंय!

"छपरावरनं आलाय," मी मोठ्यानं निकाल दिला. "गवताच्या छपराखाली राहणारे, छपरं शाकारणारे. म्हणजे ना अक्कल, ना राहणीमान!" सगळी बस हसली.

शेजारी बसलेला माझा मित्र मात्र हसला नाही. पंधरा वर्षं आम्ही एकाच सीटवर बसतो. तो मूळचा इगतपुरीकडच्या एका वाडीतला. तिथं पावसाआधी घरं शाकारायची, तर सगळी वाडी आज याच्या, उद्या त्याच्या घरावर राबायची. मजुरी नाही, ज्याचं घर त्यानं जेवू घालायचं. एका मे महिन्यात हौसेनं मीही गेलो होतो. गवताच्या पेंढ्या वळचणीपासून वर रचत न्यायच्या असतात, नाहीतर पाणी आत येतं. मी शहाण्यानं आढ्याकडून सुरुवात केली. त्याच्या वडिलांनी एक शब्द न बोलता माझी ओळ काढली आणि पुन्हा लावली. जेवायला बसलो तेव्हा पहिलं ताट मला वाढलं.

हे सगळं मला आठवलं ते बसमधलं हसणं थांबल्यावर. त्याच्याकडे बघायचीही लाज वाटत होती.

"अरे, तुला नव्हतं म्हणायचं," मी हळूच म्हणालो.

"मग कुणाला?" खिडकीबाहेर बघतच त्यानं विचारलं.

चुकून तोंडातून गेलं, असं म्हणायचीही सोय नव्हती. त्या मे महिन्यात मी घरी परतलो तेव्हा बायकोनं विचारलं होतं, कशी आहेत माणसं? "छपरात राहतात, पण चांगली आहेत," मी म्हणालो होतो. आणि तेही कौतुकानं.