जठराचा फोटो

डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढलेला माझ्या जठराचा फोटो समोर धरला आणि मी घाईने तोंड उघडलं. बायको शेजारी बसलेली असताना म्हणालो, "बघा डॉक्टर, हिच्या फोडण्यांनी काय करून ठेवलंय."

"फोडणीने नाही हो," डॉक्टर म्हणाले. "हा जंतूमुळे आलेला जुना दाह आहे. बहुतेक लहानपणापासून तो जंतू तुमच्या पोटात असेल."

मी फोटोकडे बघत राहिलो. अस्तर लालभडक, सुजलेलं. ज्या आम्लात मटणाचा तुकडा विरघळतो, त्यात हा नतद्रष्ट जंतू स्वतःभोवती आडोसा करून सुखात राहतो आणि भिंत माझी पोखरतो. मला त्याचा मनापासून संताप आला. घर न सोडणारा भाडेकरूसुद्धा जिन्यात भेटला तर निदान नजर चुकवतो. याला नजरही नाही. मग भांडायचं कुणाशी? माणूस समोर दिसेल त्याच्यावर खापर फोडतो. मी वर्षानुवर्षं प्रत्येक आंबट ढेकरेला स्वयंपाकघराकडे बघून आठ्या घातल्या. हिने घरातून मिरची हद्दपार केली, स्वतःच्या ताटातूनही. तरी मी मोहरी-जिऱ्याला नावं ठेवतच होतो.

गोळ्या घेऊन घरी आलो. ती थेट ओट्याशी गेली आणि तिने वाटेत घेतलेल्या हिरव्या मिरच्या तव्यावर टाकल्या. मला ठसका लागला.

"अहो, तुम्ही आणि तुमचा जंतू काय ते आपसात बघून घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला मऊ भात लावते. मी आजपासून माझ्या चवीचं जेवणार."