सिस्टरची साहेब मंडळी

लीला सिस्टर मांजरांशी शुद्ध मराठीत बोलत आणि माणसांशी अहिराणीत. रोज सकाळी सहाला त्या अंगणात येऊन स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवत आणि म्हणत, "या साहेब, बसा. आज आपण उशीर केलात. मॅडम, आपली तब्येत कशी आहे?" आणि लगेच मान वर करून गच्चीवर दात घासत उभ्या असलेल्या मला, "काय देखी ऱ्हायना रे मास्तर? कामधंदा नही का तुले?" हा भेदभाव कशासाठी, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "साहेब लोकेससंगे शुद्ध बोलनं पडस. तुमनासंगे आपली बोली चाली जास." उभ्या नोकरीत जी भाषा त्यांनी फक्त मोठे डॉक्टर आणि तपासणीला येणारे अधिकारी यांच्यासाठी राखून ठेवली होती, ती निवृत्तीनंतर मांजरांना मिळाली.

नंदुरबारच्या आमच्या कॉलनीत सत्तावीस घरं. सगळी शिकलेली, निवृत्तिवेतनवाली, दारावर पाटी लावणारी माणसं. त्यांतलं एकही सिस्टरच्या लेखी धड नव्हतं. तरुणपणी त्यांनी तोरणमाळच्या घाटातल्या पाड्यांवर पायी हिंडून बाळंतपणं केली होती आणि म्हसावदहून त्या निवृत्त झाल्या होत्या. "माणसेसना इतला पोरे या हाते काढात," त्या हात पुढे करून सांगत, "एकबी मोठा व्हईसन कामना निंघना नही." हे सांगताना त्या समोरच्याकडे अशा बघत की त्या यादीत आपलं नाव वरच असणार याची खात्री पटे.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती मोटरसायकलवरून. मी नवीनच राहायला आलो होतो. सीटवर एक बोका झोपला होता, त्याला मी वर्तमानपत्राची गुंडाळी हाणली. कुंपणापलीकडून आवाज आला, "ओ मास्तर! गाडी तुन्ही शे, मान्य. पन त्यासनी काय तुन्हं पेट्रोल पिधं का?" मी भूगोलाचा शिक्षक. चाळीस वर्षं वर्गात प्रमाण मराठी बोलून घरची अहिराणी मी कधीच टाकून दिली होती, आणि त्याचा मला अभिमानही होता. मी अत्यंत शुद्ध भाषेत त्यांना कुंपणाच्या मर्यादांविषयी सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बोक्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, आपण लक्ष देऊ नका."

तरी पुढे पाच वर्षं मी त्यांचा ड्रायव्हर होतो. "मास्तर, गाडी काढ. अक्कल लागाव नही, नुसती गाडी लागी," असा हुकूम यायचा आणि मी निघायचो. एकदा गावाबाहेरच्या मिरचीच्या पथारीवर गेलो. मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली, आणि कडेच्या रिकाम्या पोत्यांत एक मांजर व्यालेली. मिरचीच्या धुरळ्याने पिल्लांचे डोळे सुजून बंद झाले होते. मी शिंकून शिंकून अर्धा झालो. सिस्टरने पदर नाकाला बांधला, उकळून गार केलेलं मिठाचं पाणी आणि कापसाचे बोळे काढले आणि तासभर उन्हात बसून एकेक डोळा धुतला. मिरचीची देठं खुडणाऱ्या बाया हसत होत्या. एकीने विचारलं, हे करून तुला काय मिळतं? सिस्टर म्हणाल्या, "तुमनासंगे बोलनं पडत नही, हाईच मियस."

नुसतं खाऊ घालून त्या थांबत नसत. मांजर पकडून, टोपलीत घालून, धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे नेऊन नसबंदी करून आणत. ओळख म्हणून डाव्या कानाचा शेंडा कापलेला असे. सात मांजरांची झाली होती. कॉलनीतल्या लोकांना त्यात भूतदया दिसली नाही, करणी दिसली. कान कापलेलं मांजर आडवं गेलं म्हणून कॉलनीचे चेअरमन साहेब एकदा अर्ध्या वाटेतून घरी परतले. हे गृहस्थ निवृत्त इंजिनीयर होते, हे मुद्दाम सांगतो. सिस्टर त्यांना भर रस्त्यात म्हणाल्या, "कान कापा म्हनजे नसबंदी व्हयेल शे, भाऊ. तुमना मांगेच कापाले पाहिजे व्हता." त्या दिवसापासून चेअरमन साहेबांनी मांजरांचा प्रश्न ऐरणीवर घेतला.

एप्रिलमध्ये सिस्टर भाचीच्या लग्नाला तीन दिवस म्हसावदला गेल्या. जाताना माझ्या दारात आल्या. माझ्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक नवी मांजर व्यालेली होती. तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. ती पिल्लं सुटी झाली की तिला धुळ्याला न्यायचं ठरलं होतं. "बाळंतीण शे," सिस्टर म्हणाल्या. "तीन दिन सांभाय. मी कोनाले काही सांगत नही, तुले सांगी ऱ्हायनू." पाच वर्षांत त्यांनी मला दिलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. मी मान हलवली.

त्याच संध्याकाळी चेअरमन साहेबांच्या अंगणात बैठक भरली. मांजर नदीपार सोडलं की त्याला घर सापडत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तेव्हा तापीच्या पुलापलीकडे नेऊन सोडायची. पाप नाही, हिंसा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चेअरमनच्या पत्नीने ताटली वाजवली. मांजरं भिंतींवर येऊन बसली, पण खाली एकही उतरेना. "या रे, या वं," सगळे ओरडत होते. मग चेअरमन साहेब माझ्याकडे वळले, "सर, तुम्ही बोला. तुमची भाषा चांगली आहे."

आणि मी बोललो. "या साहेब, बसा. मॅडम, या." एकेक करून सगळी उतरली. सातही कान कापलेली, आणि मागून ती बाळंतीणही. लोकांनी माझं कौतुक केलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतक्या एकमताने माझं कौतुक झालं नव्हतं, आणि ते मला आवडलं, हेही लिहून टाकतो. बाळंतिणीच्या वेळी मी म्हटलं होतं, "हिला राहू द्या, हिची पिल्लं आहेत." चेअरमन म्हणाले, "मग तर आधी हीच." मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. तिची गोणी मीच बांधली.

पुलापलीकडे केळीच्या बागा आहेत. बांधावर आम्ही गोण्या सोडत होतो तेवढ्यात बागवाला काठी घेऊन ओरडत आला. आम्ही पाचही सुशिक्षित इसम जीपकडे पळालो. माझ्या हातातली गोणी मी तशीच बांधाखाली टाकून दिली. परतताना चेअरमनने विचारलं, "सगळी सोडली ना?" मी म्हणालो, "हो."

पिल्लं दोन दिवस ओरडत होती. मी टीव्हीचा आवाज वाढवला. एकदा वाटीत दूध नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. डोळे न उघडलेल्या जिवापुढे वाटी ठेवणाऱ्या माणसाला भूगोल शिकवायला कोणी नेमलं होतं कोण जाणे. मग ती हळूहळू गप्प होत गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. ताटली वाजवली. पुन्हा वाजवली. मग कोणाला काही न विचारता थेट माझ्या गच्चीवर चढल्या. दोन पिल्लं मेली होती. तिसरं त्यांनी पोलक्यात घातलं आणि खाली येऊन एवढंच म्हणाल्या, "माय कोठे शे हाईनी? आजना दिन दूध भेटनं तं जगी. गाडी काढ." शिवी नाही, टोमणा नाही. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

सगळी तापीपार सोडल्याचं सांगून मी गाडी काढली. पुलापलीकडे त्यांनी बागेच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली, "साहेब, या. मॅडम, मी आले आहे." केळीतून तीन मांजरं धावत आली. बाकीची आली नाहीत. त्या पुन्हा पुन्हा हाका मारत होत्या, पोलक्यातल्या जिवावर हात ठेवून. मला ते ऐकवेना. मी बांधाखाली बोट दाखवलं.

गोणी उन्हात तशीच पडली होती. सिस्टर खाली उतरल्या, गाठ सोडायला बसल्या. दोन फेऱ्यांची, वर तिढा घातलेली गाठ. स्काउटमध्ये मुलांना शिकवायचो तीच. त्यांना वेळ लागला. आत बघितलं, पुन्हा गोणीचं तोंड मिटवलं आणि माझ्याकडे वर पाहत त्या म्हणाल्या, "गाठ चांगली मारस तू, मास्तर."

येताना तिन्ही मांजरं टोपलीत होती. कॉलनीच्या फाटकात त्यांनी पोलक्यातलं पिल्लू काढून माझ्या हातात दिलं. "हाई आते तुन्हं. दर दोन घंटाले दूध, कापूसवरी. मरनं तं माले सांगाले येऊ नको." मी अलार्म लावून दूध पाजलं. ते जगलं.

महिन्याभरात सिस्टर घर रिकामं करून, तीन मांजरं घेऊन, म्हसावदला भाचीजवळ राहायला गेल्या. कॉलनीने निरोपाला नारळ आणि शाल दिली. अर्थात चेअरमन साहेबांच्या हस्ते. सिस्टरने ती शाल तिथेच टोपलीत मांजरांखाली अंथरली. टेम्पो सुटताना मी जवळ गेलो आणि माफी मागितली, तीही पहिल्यांदाच अहिराणीत. त्या म्हणाल्या, "माले काय मांगस? जिले मांगानी व्हती, ती गोणीमा व्हती."

गेल्या वर्षी त्या वारल्या. मला तेराव्यानंतर कळलं, आणि भाचीने आधी कळवलं नाही याबद्दल माझी तक्रार नाही. पिल्लाची आता मोठी मांजर झाली आहे. संध्याकाळी ती माझ्या मांडीवर येऊन बसते, पाय पोटाशी घेऊन निर्धास्त झोपते. तिची आई कोणी बांधली, हे तिला ठाऊक नाही. पायाला मुंग्या येतात, बाहेर कोणी बेल वाजवतं. ती आपणहून उठेपर्यंत मी हलत नाही.