उसवलेली लोकर

मी कर्जतला माहेरी होते, तेव्हा चुलतदीर दारात उभा राहिला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्याने नुसती मान हलवली. खालापूरकडच्या आमच्या गावाहून कर्जतपर्यंत उन्हातून चालत आलेला माणूस पाणी नको म्हणतो, तेव्हा पुढचं सांगावं लागत नाही. “वैनी, काकी गेली…” एवढंच बोलून तो ओट्यावर बसला. त्याची काकी म्हणजे माझ्या सासूबाई. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांना जाऊन आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे ‘पिकलं पान होतं’ म्हणतात. म्हणोत बापडे. मला मात्र अजून त्यांचा राग येतो. असं न सांगता-सवरता जायचं का माणसाने? आणि राग ओसरला की डोळ्यांपुढे त्या बसलेल्या दिसतात, मांडीवर रंगीबेरंगी लोकर, कपाळाला आठ्या, आणि लोकरीलाच दिलेल्या शिव्या…

आत्याबाईंच्या गोधडीला पंचक्रोशीत तोड नव्हती. कुणाकडे पाळणा हलायचा असला की बाया जुनी लुगडी काखोटीला मारून आमच्याच दारात. बाळाच्या अंगाला जुनेरच मऊ लागतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण माझी नणंद यमुना लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत दिलेली. तिचं पहिलं मूल तापाने गेलं, आणि गेलं ते आत्याबाईंनी पाठवलेल्या गोधडीत. दुःखाला बोट ठेवायला कुठेतरी जागा लागते. यमुनेच्या सासूने ते गोधडीवर ठेवलं. पुढे यमुनेला पुन्हा दिवस गेले, तेव्हा आनंदाच्या निरोपाला शेपूट जोडून आलं, की आता तुमच्याकडचं जुनेर आमच्या पाळण्यात नको. आत्याबाई त्या वेळी कुणाची तरी गोधडी शिवत होत्या. त्यांनी निरोप ऐकला, सुई कापडात तशीच टोचून ठेवली आणि गोठ्यात निघून गेल्या.

काही दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. मग एका दुपारी माझ्यापुढे येऊन बसल्या. “इंदू, तुला त्या मडमांवानी लोकरीचं इनता येतंय नं? मला शिकव. नवं कोरं करीन. माज्या हातचं कायतरी त्या लेकराच्या अंगावर पडाया पायजे गं.” मला शाळेत क्रोशाचं विणकाम शिकवलं होतं, रुमालाच्या कडेपुरतं. पण सासूला शिकवायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यापैकी काम! पुन्हा लोकर आणायची कुठून? चुलतदीर तेव्हा माथेरानच्या एका हॉटेलात कामाला होता. तिथे उतरणाऱ्या मडमा विणता विणता उरलेली लोकर टाकून जात. त्याने ती फडक्यात बांधून आणली. कुठे मूठभर निळी, कुठे पिवळी, एक विटकरी, एक पोपटी… कुठलाच रंग पांघरूणभर पुरणारा नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, “आसूं दे. गोधडीत तरी एका रंगाचं काय असतंय?”

सुई धरायची कशी, साखळी घालायची कशी, ते त्यांनी चटकन उचललं. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, “तू जा भाकऱ्यांकडं. मला समजलं.” संध्याकाळी पाहते तो काय, सबंध पाळण्याला वेढा घालील एवढी लांब साखळी करून, तिची टोकं जोडून, त्या तिच्यावर गोल गोल विणत सुटलेल्या! आयुष्यभर गोधडी कडेपासून शिवत, फेरे घेत, मधोमध आणून संपवलेली. त्यांच्या हाताला दुसरी वाटच माहीत नव्हती. “अहो आत्याबाई, याला मधून सुरुवात करायची असते. बाहेर बाहेर वाढत जायचं.” “गप गं. कड नसताना मधलं कशावर तोलायचं?” मी पुन्हा भाकऱ्यांकडे वळले. सासूपुढे शहाणपण पाजळून काय होतं, ते तोवर मला कळलं होतं. फेऱ्यावर फेरे चढले. विणकाम आत यायच्या ऐवजी भिंतीसारखं उभं राहिलं. त्यात गोधडीचा दोरा ओढावा तसा टाका करकचून ओढायची सवय. होता होता त्याचं चांगलं तोंड आवळलेलं पोतं झालं. सासरे ते हातात घेऊन, उलटंसुलटं करून म्हणाले, “भात भराया बरं हाय.” आम्ही सगळे हसलो. आत्याबाई हसल्या नाहीत.

“उसवू या, लोकर काही कुठे जात नाही,” मी म्हटलं. त्यांनी ते पोतं माझ्या हातून हिसकावून घेतलं. “उसवायचं नाव काडू नकोस!” मला वाटलं, हट्ट. गोधडीत चुकलं तर वरून ठिगळ लावतात, उसवत कोणीच नाही. पण त्यांचे डोळे भरून आले होते. “यमीचं एक गेलंय. दुसऱ्यासाठी म्हणून घातलेले टाके मी माज्या हातानं सोडवू? आन् काय वंगाळ झालं तर?” चार बुकं शिकले होते, पण त्या घटकेला मलाही धागा ओढायची भीती वाटली. पोतं फळीवर गेलं, आणि लोणावळ्याला काही पाठवायचं मनातून गेल्यासारखंच झालं.

लावणीचे दिवस आले. राबावर, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यात, भाताचं रोप गच्च उगवलं होतं. आम्ही सगळ्या बाया चिखलात वाकून ते उपटत होतो, खाचरात लावायला जुड्या बांधत होतो. आत्याबाई हातातली जुडी तशीच धरून उभ्या राहिल्या. बांधावरून कोणीतरी विचारलंसुद्धा, काकी, कंबर धरली का? त्या माझ्याकडे वळल्या. “इंदू, हे उपटलं नाय, तर भात कुटनं व्हनार गं?” मला आधी काही कळलंच नाही. घरी आल्यावर पायाचा चिखलही न धुता त्यांनी फळीवरचं पोतं काढलं, शेवटची गाठ दाताने सोडवली आणि धागा ओढायला लागल्या. ओढताना ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होत्या की मडमांना शिव्या देत होत्या, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मात्र बाईने उसवायचा सपाटाच लावला. मधून सुरू केलं, तर कोपऱ्यात जास्तीचे टाके घालायला विसरल्या आणि वाडगा झाला. उसवला. एका फेऱ्यात टाके ढिले, पुढच्यात आवळलेले. उसवले. पिवळ्यानंतर विटकरी घातला, तो डोळ्यांना टोचला, मग मला सोडून म्हशीशी चर्चा करून तोही काढला. प्रत्येक चुकीवर म्हणत, “ही आता पुन्ना नाय व्हनार.” ती होत नसे, खरंच, नवीन होई. पण चौकोन वाढत गेला. मधे निळा, मग पिवळा, मग पोपटी…

बाळ झालं, मुलगी झाली, आणि आम्ही दोघी कर्जतहून गाडीत बसलो. घाटासाठी मागून इंजिन लागेपर्यंत आत्याबाईंनी गाठोडं दहा वेळा उघडून पाहिलं. यमुनेच्या सासूबाईंनी पांघरूण उजेडात धरलं, उलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं. “तुम्हीच केलंत विहीणबाई?” “व्हय. किती खेपा उसवलं ते इचारू नका.” त्या माउलीने मग वर पाहिलं. तिचंही नातवंड गेलं होतं… ती उठली आणि स्वतःच्या हाताने पांघरूण बाळावर घातलं. आत्याबाईंनी पदर तोंडात धरला.

आत्याबाईंच्या दिवसांना यमुना आली, लेकीला घेऊन. पोरगी आता चांगली बोलते, भांडते. पांघरुणावाचून झोपत नाही, म्हणून तेही बरोबर होतं. शेवटची गाठ होती त्या कोपऱ्यापासून उसवत चाललेलं, मागे लांबच लांब धागा लोंबत होता. “वैनी, एवडं नीट करून दे,” यमुना म्हणाली. क्रोशाची सुई काढून मी बसले. पोरगी दुसरं टोक सोडीना, तेव्हा तिच्यासकट मांडीवर घेतलं. धागा हातात घेतला, तर तो सरळ नव्हता. जिथे जिथे आत्याबाईंनी टाका ओढला होता, तिथे तिथे बारीक वाक तसाच राहिला होता. उसवलेली लोकर भिजवून, ताणून वाळवली की सरळ होते. मी भिजवली नाही. तशीच विणायला घेतली, आणि सुई घातली की तो धागा आपणहून वाकायचा.

कोपरा पुरा झाला. पोरगी बोटाने टाके चाचपत म्हणाली, “मामी, यातला आजीचा कुठला?” मी पुष्कळ वेळ शोधला. मला सांगता आलं नाही.