गुमनानचं डोकं गंजलं कुणामुळे

दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात डोंगरउतारावर राहणारी गुमनान नवरा गेल्यापासून रोज पहाटे घरामागची टेकडी चढायची आणि वरच्या मैदानात मैत्रिणींबरोबर बॅडमिंटन खेळायची. गेल्या हिवाळ्यात पाय घसरून तिचं मनगट मुरगळलं. सोलहून मुलगा ग्वानसिक आला, तिच्या बॅटा गाडीत टाकून घेऊन गेला आणि मागाहून मालिशची खुर्ची पाठवली.

"आई, आता आराम कर. उद्या काही झालं तर लोक मला नावं ठेवतील."

मनगट बरं झालं, तरी मुलाचा शब्द मोडायचा कसा म्हणून ती खुर्चीतच बसून राहिली. हळूहळू झोप उडाली. सकाळी उठावंसं वाटेना. किमचीच्या कोबीला दोनदा मीठ लावलं, सगळं लोणचं फेकावं लागलं. दुकानात तीळतेलाचं नाव आठवेना, तर दुकानदारावरच खेकसली.

एक दिवस शेजारची मालसून लाल चवळीची खीर घेऊन आली. "ग्वानसिकच्या आई, किमची आंबली की चव येते. माणूस आंबलं की नुसता वास सुटतो. वर खेळायला चल."

गुमनानने तिला खिरीसकट हाकललं. दार आपटल्यावर वाटलं, चुकलंच आपलं, परत बोलवावं. दार उघडून हाक मारायला गेली, तर नाव आठवेना. आयुष्यभराची मैत्रीण जिना उतरून गेली, आणि ही तोंड उघडं टाकून उभी.

तिने तडक मुलाला फोन लावला. "माझ्या बॅटा पाठव."

"आई, वय बघ. पडलीस तर?"

"हाड मोडेल. मोडलेलं हाड जुळतं. तू बसवून बसवून माझं डोकं गंजवलंस, ते कोण जुळवणार?"

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना?"

"स्वतःच्या झोपेसाठी केलंस. म्हातारी खुर्चीत आहे म्हटलं, की तू निवांत."

बॅटा आल्या नाहीत. ती मात्र दुसऱ्याच दिवशी टेकडी चढून उसन्या बॅटने खेळली. छातीचा भाता झाला, एक फूल धड लागलं नाही, आणि खिरीचा राग काढत मालसूनने ते मुद्दाम जोरात मारलं. त्या दुपारी मात्र तिला गाढ झोप लागली.

उन्हाळ्यापर्यंत भूक परतली, चिडचिड ओसरली. काही शब्द अजून उशिरा येतात. सणाला आलेला ग्वानसिक तिला शोधत टेकडीवर पोचला, तेव्हा तिने बघून न बघितल्यासारखं केलं आणि खेळत राहिली. राग गेला नव्हता. इतक्यात जाऊ द्यायचाही नव्हता.