मेण भरलेली नळी

पापा सायकली दुरुस्त करतात. आमच्या न्गोरा गावच्या बाजारात कुणीही सांगेल, चाकाचा बाक काढावा तर त्यांनीच. डोळे पिवळे व्हायला लागेपर्यंत ते रोज संध्याकाळी नाचणीच्या आजोनच्या, आमच्या घरगुती बिअरच्या, मडक्याशी बसायचे आणि तिथून उठून वारगीच्या कडक दारूच्या बाटलीकडे वळायचे.

"आजोन म्हणजे जेवणच गं," ते म्हणायचे.

"आणि वारगी?" आई विचारायची.

"ते जेवणानंतर हात धुणं!"

शेवटी दवाखान्यातल्या बाईंनी सुनावलं, "आता एक घोट घेतलात तर इकडे येऊ नका, थेट पाद्रीबाबांना बोलवा." मडक्याशी पापांच्या शेजारी बसणारा ओपोलोट त्याच वर्षी गेला. त्याला पुरून आल्यावर मित्रांनी काय केलं? मडकं मांडलं.

पण मडक्याशिवाय माझं लग्न ठरणार कसं? सोयरिकीला एकाच मडक्यात सगळ्यांच्या लांब नळ्या, त्यातूनच ओढून प्यायचं. यजमानच प्यायला नाही तर व्याही म्हणणार, विष घातलंय की काय! म्हणून मी पापांच्या नळीच्या टोकाला, चोथा गाळणाऱ्या जाळीत, मेण भरलं.

"गाल आत ओढायचे, मग गिळायचं," मी शिकवलं.

"मला शिकवतेस? जन्मभर तेच केलंय."

"खोटं खोटं, पापा!"

"ते अवघड आहे बघ."

दुपारी नवऱ्या मुलाचा काका एतोमेट माणसं घेऊन आला. माझ्या बदल्यात द्यायच्या गाईंचं जमलं. पापा इतके खूश झाले की जुन्या सवयीने घात केला. आमच्याकडे सोयरीक पटली की यजमान आपली नळी पाहुण्याला देतो आणि त्याची आपण घेतो. पापांनी दिली. बंद नळी! आणि एतोमेटची उघडी नळी त्यांच्या हातात.

आजोन संपत आलं की मडक्यात ओतायचं गरम पाणी माझ्या हातात तसंच राहिलं. ओरडावं तर लग्न जातं, गप्प बसावं तर पापा. ते त्या नळीकडे टक लावून बघत होते. भीती होती ती, की ओढ? मला अजून कळलेलं नाही.

एतोमेटने ओढलं. पुन्हा ओढलं. डोळे वर करून पाहिलं, तर पापांच्या ओठांशी नळी पोचलेली. त्याने हात लांब करून ती काढूनच घेतली.

"व्याही, माझी मला द्या. तुमची घ्या."

नळ्या परत, म्हणजे सोयरीक मोडली? आईने कपाळाला हात लावला.

"अरे, झालं काय?" त्यांच्यातला एक म्हातारा खेकसला.

"काही नाही, काका. दातांना हिचीच सवय आहे."

आणि तो निवांत पिऊ लागला. पापाही बंद नळीतून गाल आत ओढत राहिले. मी पाणी ओतलं.

निघताना एतोमेटने मला अंगणात गाठलं.

"मेण कुणी भरलं?"

"मी."

"घट्ट भरलंस." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःची नळी माझ्या हातात ठेवली. "मलाही सोडायचीय. लग्नाच्या दिवशी हिच्यातही भर. आमच्या माणसांना सांगू नकोस."

ते गेल्यावर पापा गोंधळलेल्या चेहऱ्याने जवळ आले. "सोयरीक राहिली की गेली गं?"

"राहिली बहुतेक," मी म्हटलं. "आणखी मेण लागेल."