पोटातल्याचा वाटा

लहानू, आम्ही पाडा सोडला त्या सकाळी सागाच्या ओंडक्यांनी भरलेल्या गाडीमागे तू जव्हारचा घाट उतरेपर्यंत चालत आला होतास. धाकटा भाऊ म्हणून तुला मागे ठेवला, याचा राग तुझ्या चालण्यात दिसत होता. आईने पाड्याच्या वेशीवरच जानीच्या पदरात नागलीच्या भाकरी बांधल्या आणि मला बजावलं, "तिला उपाशी ठेव नको, दोन जिवांची हाय."

जव्हारच्या राजाच्या जंगलातलं लाकूड मुंबईच्या वखारींत जातं आणि तिथे ते उचलायला माणसं लागतात, एवढ्या ऐकीव माहितीवर आम्ही निघालो होतो. मी राजाच्या शाळेत दोन इयत्ता शिकलेला. मला वाटलं, मुंबई आपल्याला काय जड जाणार!

जड गेली ती तुझ्या वहिनीला. वखारीमागे पत्र्याची खोली मिळाली, पण नळाचं पाणी तिला गंजकं लागे, विकतच्या तांदळाला वास येई, खाल्लेलं पोटात ठरेना. पंधरा दिवसांत ती अर्धी झाली. मी ठरवलं, रविवारपर्यंत हिने काही खाल्लं नाही तर काम गेलं खड्ड्यात, हिला घेऊन परत फिरायचं. परत यायची लाज वाटत होती, पण तिला आणि पोटातल्याला गमवायची भीती त्याहून मोठी होती. हे तेव्हा कुणाला कळवलं नाही.

रविवारी दुपारी तिला जरा हवा खायला म्हणून बाजाराकडे नेलं. भेंडीबाजाराच्या अंगाला एका दुकानासमोर ती थांबली. निखाऱ्यांवर मांस भाजल्याचा वास येत होता. "माला ते होवं," ती म्हणाली. पंधरा दिवसांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं.

कबाबचं दुकान ते. हमाल, गाडीवान, खलाशी, सगळे तिथे खात, कारण तिथलं खाणं त्यांना परवडे. बाई एकही नव्हती. मी दबकत पहिला प्रश्न विचारला, "चाचा, बकऱ्याचंच ना?" सिगडीला वारा घालणारा म्हातारा म्हणाला, "बकरे का ही है बेटा, बैठो." त्याने बाकावरच्यांना सरकायला लावलं आणि आम्हाला कडेची जागा दिली.

बशीत चार कबाब आले, सोबत कांदा आणि एक मोठी रोटी. मी हात घातला तोच जानीने मनगट धरलं. "आधी वाटं पाडू."

आपल्याकडे मांस कुणी एकट्याने खात नाही. जितकी माणसं तितके वाटे, आणि वाटे पडल्याशिवाय तोंडात घास नाही. मी तिच्या कानाशी लागून सांगितलं, इथे ज्याने त्याने आपापलं मागवायचं असतं. अख्खा बाक आमच्याकडे बघत होता, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती कुठली ऐकते! रोटी पसरून तिने एकेक माणूस बघत कबाबचे तुकडे मांडले. बाकावरचे सहा, चाचा, मी, ती. आणि वर एक.

रोटी बाकावरून फिरली. एक खलाशी हसला, एका हमालाने "मन्नत है क्या?" म्हणून विचारलं, पण नाही कुणी म्हटलं नाही. चाचाने आपला तुकडा उचलला आणि शेवटच्या तुकड्याकडे बोट केलं. "ये किसका?"

जानीला हिंदी येत नव्हती, पण प्रश्न कळला. तिने पोटावर हात ठेवला. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, आमच्याकडे पोटुशीला दोन वाटे असतात, पोटातल्याचा वेगळा.

"तो पहले वो खाएगा," चाचा म्हणाला. आणि खरं सांगतो, ती खाईपर्यंत एकानेही तोंड हलवलं नाही. तिने दोन्ही वाटे खाल्ले. तिखटाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, आणि मी तर अजून तुकडा उचललाही नव्हता. संध्याकाळभर मी वाट बघत होतो, आता उलटून पडेल. नाही पडलं. आम्ही मुंबईत राहिलो ते त्या दुपारमुळे.

ती पोटातली आता सासरी जायच्या वयाची झाली. आईने वाटे मांडले की हसते आणि आपली थाळी वेगळी घेते.

गेल्या होळीला आम्ही दोघं पाड्यावर आलो. डुक्कर मिळालं होतं. पळसाच्या पानांवर तू वाटे घातलेस, सवयीने पाड्यावरची माणसं मोजलीस आणि आम्ही दोघं राहिलो. लक्षात आल्यावर तू कपाळावर हात मारलास आणि प्रत्येकाच्या पानातून थोडं थोडं काढून आम्हाला दिलंस, सगळ्यांहून जास्तच. जानीने हसून खाल्लं. घाट उतरताना मात्र म्हणाली, "आपून पाव्हणं झालो."

रागावून लिहीत नाही, लहानू. गाव कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजून जव्हारच सांगतो. यंदा आम्हाला यायला जमणार नाही. तरी वाटे घालशील तेव्हा आमचे तिघांचे घाल. मागून कुत्र्यांना टाकलेस तरी चालतील, पण मोजताना आमची नावं घे.